कागदावर कधीच न विकलेली फियाट

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९९० ची, एमएच-०४ पासिंग. मे २००१ मध्ये ती पाचपाखाडीतल्या एका दलालामार्फत ३८,००० रुपयांना विकली गेली. जानेवारी २०२४ मध्ये त्याच कुटुंबाने ती पुन्हा विकत घेतली. मधल्या काळात गाडी निदान तीन हातांतून गेली, पण आरसी बुकावरचं नाव एकदाही बदललं नाही. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच. जुनी गाडी शोधून आणल्याचे किस्से बरेच ऐकायला मिळतात. पण कागदोपत्री स्वतःचीच असलेली गाडी विकत घ्यावी लागते, असं मी माझ्या कामात तरी पहिल्यांदाच पाहिलं.

मी मोटर विम्याचा सर्व्हेअर, नौपाड्यात राहतो. या गाडीशी माझा जुना संबंध आहे. १९९६ मध्ये तीन हात नाक्याला एका टेम्पोने तिचा डावा मागचा कोपरा आत घातला होता, तो क्लेम मी पाहिला होता. गाडीचे मालक तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरीला होते आणि चरईत राहायचे. आता वय ८२. त्यांना इथे बाबाच म्हणतो, कारण ज्यांनी हे सगळं घडवून आणलं ती त्यांची मुलगी त्यांचा उल्लेख तसाच करते. नावं त्यांच्याच सांगण्यावरून गाळली आहेत.

सुरुवात टीव्हीवरच्या बातमीने झाली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली आणि आठवडाभर सगळीकडे काळ्यापिवळ्या टॅक्सीचेच फोटो. बाबा ते बघताना एवढंच म्हणाले, "आपली कुठे असेल?" मुलगी ऐरोलीला नोकरी करते. डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती सोडत नाही.

(गाडीला मी मधूनच फियाट म्हणेन. आमच्या पिढीला दुसरं जमत नाही. १९६४ ला ती फियाट ११०० डिलाइट होती, मग प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी. कारखाना वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा, कुर्ल्याला. इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. नाव बदललं तरी गॅरेजवाल्याच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.)

शोध

बाबांची फाइल हा या प्रकरणातला पहिला नशिबाचा भाग. त्यात गाडीची डिलिव्हरी, दरवर्षीचा विमा, १९९६ च्या माझ्या सर्व्हे रिपोर्टची कार्बन कॉपी, आरसी बुकाची झेरॉक्स आणि २००१ ची दलालाची पावती, सगळं तारखेवारी लावलेलं. पावतीवरचा फोन सात आकडी होता. मुलीने पुढे २ लावून फिरवला, लागला नाही. पाचपाखाडीत जिथे दलालाचं दुकान होतं तिथे आता टॉवर आहे. तिथे शोध संपला असता.

मग तिने परिवहनच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला. मालकाच्या नावातली मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात, पण वडिलांचं नाव फुल्यांतूनही ओळखू येतंच. नोंदणीची मुदत २००५ ला संपलेली. रात्री साडेअकराला तिचा मला फोन, "काका, गाडी अजून बाबांच्याच नावावर आहे." आवाजात आनंद होता. मला मात्र घाम फुटला.

घामाचं कारण सांगतो. मोटर वाहन कायद्यात मालक कोण, तर ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. त्यातली गाडीही हातोहात विकली गेली होती आणि कागद पहिल्याच माणसाच्या नावावर होता. अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली. म्हणजे ही बिनविम्याची फियाट या बावीस वर्षांत कुठे कुणाला लागली असती, तर चरईच्या घरी समन्स आलं असतं. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचं असतं. बाबांनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे टीटीओ, म्हणजे मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून दलालाच्या हातात दिले होते. ठाण्यातल्या निम्म्या जुन्या गाड्या अशाच विकल्या गेल्या असतील. पोस्टाने एक पत्र टाकलं असतं तर या लेखाची गरज पडली नसती.

मी तिला म्हटलं, आता ई-चलान बघ. तिथे गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे लागतात; ते फाइलमधल्या झेरॉक्सवर होते. एक चलान निघालं. फेब्रुवारी २०२०, वाशी सेक्टर १७, नो पार्किंग, २०० रुपये, न भरलेलं. सोबत फोटो.

तो फोटो आम्ही मोठा करून करून पाहिला. गाडी पांढरी केलेली. बाबांची फिकट निळी होती. मागचा बंपर तारेने बांधलेला. मागच्या काचेवर अर्धचंद्राकार स्टिकर, त्यावर 'आई एकविरा प्रसन्न', आणि खाली लहान अक्षरांत 'गोठिवली'. वाशीत गाडी लावलेला माणूस कुठला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं. आगरी-कोळी माणूस काचेवर कुलदैवत लावतो, आणि शेजारी गावाचं नाव लावायलाही विसरत नाही. गोठिवली म्हणजे रबाळ्याजवळचं गावठाण, ठाणे-बेलापूर रस्त्यावरून आत. चलानचे २०० रुपये तिने तिथल्या तिथे भरले. या खरेदीतला हा पहिला खर्च.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही दोघं गेलो. टपरीवर विचारलं, "जुनी पांढरी फियाट कुणाची?" पानवाल्याने न बघता हात केला. दोन घरं सोडून, विहिरीच्या बाजूला, निळ्या ताडपत्रीखाली गाडी होती.

ओळख पटवणं

इथे मी मुलीला जरा थांबवलं. पांढऱ्या फियाटी ढिगाने आहेत आणि नंबरपाटी कशावरही लावता येते. बॉनेट उघडलं, चेसिस नंबर कपड्याने पुसला, त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली. आकडे एकेक करून उमटले आणि बाबांच्या झेरॉक्सशी जुळले. मग इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर पाहिला. तो जुळला नाही. त्याच्याबद्दल पुढे.

माझी स्वतःची खूण डिकीत होती. चटई वर केली, स्टेपनीच्या मागे डाव्या कोपऱ्याला हात घातला. १९९६ मध्ये तिथे पत्र्याचा तुकडा कापून नवा जोडला होता आणि जोड कोपऱ्यात जरा उंच राहिला होता. मी तेव्हा रिपोर्टात 'दुरुस्ती समाधानकारक' लिहिलं होतं, खरं तर नव्हती. तो उंचवटा बोटाला लागला. दाराचं रबर एका जागी निघालं होतं, तिथे खाली बोटभर फिकट निळा रंग शाबूत होता. मुलगी तिथेच उकिडवी बसून त्याच्याकडे बघत राहिली. मी गाडीचा तळ बघायला खाली वाकलो. पायाखालचा पत्रा डावीकडे गेलेला, जॅक लावायच्या जागा दोन्ही बाजूंनी पोकळ, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या आधाराची जागा मात्र आश्चर्यकारकरीत्या धड. खाडीच्या इतक्या जवळ उभ्या गाडीकडून यापेक्षा जास्त अपेक्षा नव्हती.

गाडीचे ताबेदार सत्तरीचे गृहस्थ, एमआयडीसीतून निवृत्त. मुलगी त्यांना दादा म्हणू लागली, मीही म्हणतो. २००८ मध्ये त्यांनी ती कळव्याच्या एका मास्तरांकडून २२,००० ला घेतली. मास्तरांनी दलालाकडून. दादांनी लोखंडी पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. आत मूळ आरसी बुक, आणि त्याच्या पोटात घडी घातलेले फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याच्या जागी बाबांची २००१ मधली सही, ठसठशीत, खाली रेघ मारलेली. घेणाऱ्याचा रकाना कोरा. मास्तरांनी भरला नाही, दादांनीही भरला नाही. कंपवातामुळे बाबांची आजची सही त्या सहीशी जुळत नाही, हे मुलीच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं.

दादांनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा दिला, आणि मुद्द्यावर आले. "गारी माजी हाय, ना कागद तुमचा हाय. आता काय कराचा, बाय?"

या प्रकरणाचं यापेक्षा नेमकं वर्णन कुठल्याही वकिलाने मला करून दिलं नसतं. कागद मुलीच्या वडिलांचा, पण आरसी म्हणजे मालकीचा दाखला नव्हे. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्याप्रमाणे वस्तू विकली, पैसे घेतले, ताबा दिला, की मालकी गेली. नोंदणीने जबाबदारी ठरते, मालकी नाही. म्हणून अपघाताची जोखीम सगळी बाबांची आणि गाडी सगळी दादांची. दादा ती दुसऱ्याला रीतसर विकू शकत नव्हते, कारण सही करणारा चरईत. आणि आम्ही ती हलवू शकत नव्हतो.

घरी परतल्यावर जावयांनी एक सोपा मार्ग सुचवला. गाडी नावावर आहेच तर चोरीची तक्रार द्यायची, पोलीस आणून देतील. हा सल्ला मी धंद्यात अनेकदा ऐकला आहे, आणि तो देणारे बहुतेक सज्जन असतात. मी सांगणार होतो की खोटी तक्रार हा गुन्हा आहे आणि दादांकडची सही केलेली कागदं पहिल्याच दिवशी आपल्याला उघडं पाडतील. पण त्याआधी आतल्या खोलीतून बाबा बोलले. "मी अडतीस हजार मोजून घेतलेत. पावती फाइलमध्ये आहे." विषय तिथे मिटला. बाबा तसे गाडी परत आणण्याच्याच विरोधात होते, "विकली ती विकली" एवढाच त्यांचा धोशा. जोखमीची गोष्ट मी समजावली तेव्हा ते गप्प झाले. त्यांना दुःख गाडीचं नव्हतं, आपल्या फाइलमध्ये एक कागद कमी राहिला याचं होतं.

भाव

दादांनी आधी सव्वादोन लाख सांगितले. त्यांच्या नातवाने मोबाइलवर कुठल्याशा जाहिराती दाखवल्या होत्या. जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे, हे नातवाला समजावण्यात अर्धा तास गेला. भंगारात घातली तर पंचवीस हजारही मुश्किलीने. त्या दोन टोकांच्या मध्ये काहीही होऊ शकलं असतं. पण दादांनी एक वही काढली.

गाडीवर केलेला खर्च २००८ पासून त्यांनी लिहून ठेवला होता. जे आजही गाडीवर आहे तेवढंच धरायचं असं ठरलं. पत्राकाम आणि रंग ४६,०००. इंजिन १८,०००. ब्रेक, किंगपिन, पाटे मिळून २१,०००. टायर ११,२००. सीट आणि रबरं ९,०००. बॅटरी ४,०००. पुढची काच ३,५००. आणि मूळ किंमत २२,०००. बेरीज १,३४,७००. दादा म्हणाले, एवढे द्या, वर एक रुपया नको.

मला मोह आवरला नाही. मी विम्याचा घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, लावला. रबर, टायर, बॅटरी निम्मे. दहा वर्षांवरच्या गाडीचे लोखंडी भाग निम्मे. काचेला घसारा शून्य. काच पूर्ण धरली हे ऐकून दादा पहिल्यांदा हसले. मूळ किमतीला हात लावला नाही. इंजिनाची ओळ मात्र सगळीच खोडली. ते कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेलं, कुठल्याशा टॅक्सीचं, बिल नाही. बिन-बिलाचं इंजिन म्हणजे मालमत्ता नव्हे, डोकेदुखी. ते कुठल्या गाडीतून आलं हे सिद्ध करता येत नाही आणि आरसीवर चढत नाही. बेरीज आली ७१,१००.

दादांनी वही मिटली. "ना माजी पंदरा वर्सा?"

त्याला घसाऱ्याचा तक्ता नाही. मुलीने ९०,००० सांगितले आणि दादांनी मान हलवली. माझ्या मते दहाएक हजार जास्त गेले. तिच्या मते नाही, आणि पैसे तिचे होते. रोख द्यायचे नाहीत एवढा हट्ट मी धरला. बँकेतून, दादांच्या खात्यात, तपशिलात गाडीचा नंबर लिहून.

नोंदणीकृत मालक तोच राहणार असल्याने आरटीओत हस्तांतराचा प्रश्न नव्हता. म्हणून आम्ही १०० रुपयांच्या मुद्रांकावर ताबा पावती केली. चेसिस नंबर, इंजिन वेगळं असल्याची स्पष्ट नोंद, किलोमीटरचा आकडा, मूळ आरसी परत मिळाल्याचा उल्लेख, २००८ पासूनचा वापर दादांचा असल्याची कबुली, आणि ताबा दिल्याची तारीखच नव्हे तर वेळही, सकाळी ११.२०. वेळ लिहायची सवय मला क्लेममुळे लागली. एकाच दिवशी सकाळचा वापर एकाचा आणि संध्याकाळचा दुसऱ्याचा असू शकतो. अशी पावती अपघातग्रस्ताला बांधून ठेवत नाही, त्याच्या दृष्टीने मालक बाबाच. पण दादांकडून वसूल करायची वेळ आली तर हातात काहीतरी राहतं. जुने सही केलेले फॉर्म दादांच्या देखत आडव्या रेघा मारून रद्द केले. फाडू मात्र दिले नाहीत.

मुलीला गाडी चालवत घरी न्यायची होती. नोंदणी संपलेली, विमा नाही, पीयूसी नाही. मी किल्ली खिशात घातली. फ्लॅटबेड ट्रकवर चढवून दिघा, विटावा, कळवा करत ठाण्यात आणली. निघताना दादांच्या पत्नीने बॉनेटवर हळदकुंकू लावलं आणि मागच्या काचेवरचा स्टिकर काढायचा नाही असं बजावलं.

पुढचे आठ महिने

हा भाग कंटाळवाणा आहे, आणि पैसे इथेच गेले. नोंदणी रद्द झालेल्या एका खासगी पद्मिनीचं इंजिन बिलासकट मिळायला मे उजाडला. इंजिन बदलाची नोंद मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे करून घ्यावी लागते. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा सगळं बदललं, कारण आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर फुगतं आणि मग माणूस उगाच कार्ब्युरेटरला शिव्या देत बसतो. तळाचा पत्रा कापून नवा घातला. डिकीतला १९९६ चा जोड तसाच ठेवा, असं मी सांगितलं.

२०२४ चे दर असे होते: नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,०००, उशिराचे दरमहा ५०० वेगळे, पर्यावरण कर पेट्रोल गाडीला पाच वर्षांचा ३,०००. त्रयस्थ पक्षाचा विमा १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ३,४१६ अधिक जीएसटी. व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल का, असं जावयांनी विचारलं. २०२१ च्या नियमाने त्याला ५० वर्षं पुरी व्हावी लागतात. या गाडीला तेव्हा १६ वर्षं अवकाश होता. एकूण खर्च गाडीच्या किमतीसकट सव्वादोन लाखांच्या वर गेला. म्हणजे दादांनी पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा आम्ही गाठलाच, फक्त त्यांच्या खिशात नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये पाच वर्षांची नोंदणी मिळाली, बाबांच्याच नावावर. मी लगेच दुसऱ्या कामाचा लकडा लावला, आणि ते बोलायला अवघड होतं. बाबा असताना हस्तांतर केलं तर फॉर्म २९ आणि ३० वर दोन सह्यांत काम होतं. ते गेल्यावर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांच्या संमती. त्यांच्यासमोरच हे सांगितलं. ते म्हणाले, "मग आजच करू की."

सही करायला त्यांना जवळजवळ दहा मिनिटं लागली. मुलीने कागद धरला, त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. खाली रेघ मारायला गेले ती तिरकी गेली. घेणाऱ्याचा रकाना त्यांनी आधी भरून घेतला, मुलीचं नाव, पत्ता, सगळं, आणि मगच पेन हातात घेतलं. गाडी त्यांनी खिडकीतून पाहिली होती, खाली उतरून एकदा डावीकडच्या सीटवर बसून तलावपाळीला चक्करही मारली होती, पण त्याबद्दल फारसं बोलले नाहीत.

फॉर्म घेऊन आम्ही निघालो तेव्हा ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसापासून चौदा घरं मोजत होते. चौदाव्यावर लाल पेनाने गोल केला. नवव्या दिवशी सकाळी सातला मला फोन, "आरटीओची पोच आली का? फाइल काढून ठेवलीय."